लंबूचा दात

६ मार्च, सोमवार

शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

व्हिसा कचेरीतल्या बाईंनी आमचे मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. मलाच! मागे रांगेत माणसं उभी. "लग्न खरं असल्याचा पुरावा" म्हणून मीच छापून दिले होते, पण कोणी ते असं वाचेल — ओळीखाली बोट फिरवत, मधेच जांभई देत — हे डोक्यातच आलं नव्हतं.

"'तुमची फार आठवण येते. तुम्ही स्वेटर घातलात का?' हे नवरा लिहितो बायकोला? तुम्ही-तुम्ही करून?"

आता काय सांगू! माझा नवरा, लंबू, परदेशी माणूस. इथे लिफ्ट बसवायच्या कंत्राटावर आला आणि आपली भाषा शिकला ती लिफ्टमध्येच. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना तुम्हीच म्हणतात. त्यामुळे त्याला 'तू' जमतच नाही. भांडतानासुद्धा "तुम्ही अगदी गाढव आहात" म्हणतो.

बाईंना हे सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. तोंड उघडं होतं तेवढ्यात दिसलं, उजवीकडच्या वरच्या दाताची कॅप कोणीतरी घाईत बसवलीय, कडेला काळी रेघ. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, माणसाचे आधी दातच दिसतात मला. मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं — कॅपवाली.

कंत्राट संपलं तशी लंबूची इथली मुदत संपली. लग्न नोंदवलं आणि थोड्याच दिवसांत तो विमानात. आता तो तिकडे, मी इकडे, आणि मधे कॅपवाली. ती हो म्हणाली तर तो येणार. इथे त्यानेच यायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. मी तिकडे जाणार नाही हे लग्नाआधीच बजावलं होतं. माझं काम इथे, ताई इथे. तो "बरं" म्हणाला होता.

७ मार्च, मंगळवार

आज कोणा म्हाताऱ्याची जुनी कवळी दुरुस्तीला आली. किटण चढलेली. धुताना वाटलं, कालच्या त्या कचेरीपेक्षा ही स्वच्छ.

१२ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला गेले तर भाऊजींनी व्हिसाचा एक एजंट बोलावून ठेवलेला. मला न विचारता. याचे दात चुन्यासारखे पांढरे. असा रंग आमच्याकडे कोणी मागितला तर आम्ही दोनदा विचारतो, नक्की ना?

त्याने आमचे फोटो चाळले आणि चुकचुकला. "प्रेम दिसत नाहीये, मॅडम. जरा जवळ-जवळ उभे राहिलेले नाहीत का? आणि साहेब एकाही फोटोत हसत नाहीत."

"लग्नाचा फोटो आहे, हसेल कशाला!" — भाऊजी. आणि स्वतःच्याच विनोदावर हसत बसले. ताईने डोळे वटारले तेव्हा थांबले.

लंबू का हसत नाही ते फक्त मला माहीत आहे. त्याचा वरचा पुढचा एक दात खोटा आहे. काढता-घालता येतो असा. कामावर लोखंडी दार तोंडावर आलं आणि मूळ दात गेला. दवाखान्याने रंग जुळवायला त्याला आमच्याकडे पाठवलं. मी त्याच्या ओठापाशी रंगांची पट्टी धरली, ती आमची पहिली भेट. तो दात मी केला. शेजारच्या दातावर एक बारीक पांढरा ठिपका होता, तसाच याच्यावरही काढला. डॉक्टरांनी बसवला तर टोचायला लागला, म्हणून पुन्हा आला. घासून दिला, पुन्हा टोचला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळेला काही टोचत नव्हतं, तरी आला.

तेव्हाच म्हणाला होता, "कृपया हे कोणाला सांगू नका." त्याला फार लाज त्या दाताची. मी म्हटलं, कोणालाच नाही. ताईलाही अजून सांगितलेलं नाही.

त्यामुळे एजंटने "भेट कुठे झाली?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कामाच्या निमित्ताने." असं मोघम चालत नाही म्हणे. मग त्यानेच बसल्या बसल्या भेट रचली. ताईच्या इमारतीत लिफ्टचं काम चाललं होतं, लंबू पाणी मागायला वर आला, दार मी उघडलं. ताई म्हणाली, "मी सांगेन की तसं. त्यात काय एवढं?"

ताट तसंच सोडून उठले. पण नाही म्हटलं नाही मी. तेही लिहून ठेवते.

१५ मार्च, बुधवार

लंबूला फोनवर ती पाण्याची गोष्ट सांगितली. मुलाखत दोघांची वेगवेगळी होणार, त्याची तिकडच्या कचेरीत, माझी इथे, आणि उत्तरं जुळली पाहिजेत. तो म्हणाला, "पण मला तहान लागली नव्हती."

म्हटलं, दाताचं सांगायचंय का मग? म्हणाला, "नको नको. पाणी बरं."

२० मार्च, सोमवार

आज कचेरीतून घर बघायला माणूस येणार होता. एजंटचं फर्मान — घरात नवऱ्याची जागा दिसली पाहिजे. त्याचे दोन शर्ट, चपला होत्याच. ब्रश तो घेऊन गेलेला. नवा आणला. पण नवाकोरा ब्रश बघून कोण फसणार? मग मी काय केलं? तो चावला! मोरीत उभी राहून, आरशाकडे पाठ करून. लंबू डाव्या बाजूला जोर देऊन घासतो, म्हणून तिकडचेच केस दातांनी वाकवले. प्लास्टिकची चव, तोंडात आलेला एक केस. ओकारी येता येता राहिली. दुसऱ्याचे दात खोटे करणं हा माझा धंदाच आहे, पण त्याची कधी लाज वाटली नाही. या ब्रशची वाटली.

तपासणी करणारा बूट न काढता घरभर फिरला. कपाट उघडलं. लंबूचा शर्ट नाकाशी धरला आणि म्हणाला, "माणसाचा वास येत नाही याला."

"धुतलाय," मी म्हटलं.

मग गादी. दोन्ही हातांनी दाबून बघितली, आधी एक कड, मग दुसरी. कुठली बाजू जास्त खचलीय ते बघत होता. मी दारात उभी. आपल्याच अंथरुणात कोणी हात घालतंय आणि आपण त्याला "चहा घेणार का" विचारतोय!

घेतला त्याने चहा. ब्रशकडे ढुंकूनही बघितलं नाही.

गादीवरचं सगळं धुवायला टाकलं.

२४ मार्च, शुक्रवार

फोनवर फक्त उजळणी. मी कुठल्या कुशीवर झोपते? त्याला काय आवडत नाही? सासऱ्यांचं काय दुखतं? मी विचारते, तो सांगतो, चुकला की मी ओरडते. शाळामास्तर झालेय नुसती.

आज मधेच म्हणाला, "तुम्ही जेवलात का, हा प्रश्न त्यांच्या यादीत नाही का?"

मी म्हटलं, "वेळ नको घालवूस. पुढचा प्रश्न."

त्याने पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बरोबर दिलं. फोन ठेवला आणि स्वतःचाच वीट आला.

२९ मार्च, बुधवार

मुलाखत झाली. पाण्याची गोष्ट मी घडाघडा सांगितली. ताईचं दार, ताईचा पेला, सगळं. खोटं बोलायला लागलं की माझी जीभ अशी सैल सुटते हे नव्यानेच कळलं. कॅपवालीने लिहून घेतलं. मग तिची ती यादी. "नवऱ्याच्या अंगावर काही खूण? ऑपरेशन? खोटा दात, चष्मा, काही?"

चष्मा नाही म्हटलं. आणि दात?

एवढंच एक त्याचं झाकलेलं राहू दे, असं वाटलं. मेसेज वाचले, शर्ट हुंगला, गादी चेपली. आता तोंडात पण हात घालणार? म्हटलं, "नाही. सगळे त्याचेच."

बाहेर पडताना किती दिवसांनी बरं वाटत होतं! एक गोष्ट तरी वाचवली.

दुपारी लंबूचा फोन. आवाज वेगळाच, प्रत्येक शब्दातून हवा निसटत होती. आधी कळेना. मग कळलं, दात नाहीये तोंडात.

"मी खरं सांगितलं," म्हणाला. एवढा खूश मी त्याला लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं. "त्यांनी विचारलं कुठे भेटलात. मी म्हटलं, दातामुळे. ते हसले. मग मी काढला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, बघा, हा माझ्या बायकोने केलाय." मग मला म्हणाला, "तुम्हाला खोट्याची किळस येते ना? इतके दिवस ऐकतोय मी."

मी विचारलं, "दात कुठे आहे?"

"त्यांनी ठेवून घेतला. पुरावा म्हणून. पाकिटात घालून फाईलला लावला."

मग मी सांगितलं, मी काय उत्तर दिलं ते. पलीकडे नुसती ती दाताच्या फटीतून जाणारी हवा.

"माझ्यासाठी?" त्याने विचारलं.

"तुझ्यासाठीच."

१३ एप्रिल, गुरुवार

नामंजूर. कारण — पहिल्या भेटीची उत्तरं जुळत नाहीत, आणि पत्नीला पतीच्या तोंडात खोटा दात असल्याची माहिती नाही, सबब दोघे एकत्र राहिल्याचं दिसत नाही.

माहिती नाही! मला!

१४ एप्रिल, शुक्रवार

भाऊजी म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? इथलाच एखादा बघितला असतास तर —" ताईने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. आत जाऊन दोघांचं वाजलं. मग ताई बाहेर आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "दाताचं मला तरी सांगायचंस गं."

सांगायला हवं होतं. एजंटला तर पहिल्याच दिवशी बाहेरचं दार दाखवायला हवं होतं. खरी भेट आमच्याकडे होती, आणि मी ताईच्या घरचं पाणी पाजत बसले.

१८ एप्रिल, मंगळवार

लॅबच्या फळीवर लंबूच्या तोंडाचा प्लॅस्टरचा साचा अजून आहे. इतरांचे आम्ही टाकून देतो. हा ठेवला होता. एका जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि कॅपवालीसमोर नेऊन ठेवला. सगळं खरं सांगितलं. पाण्याची गोष्ट खोटी, दात खरा, म्हणजे खोटा, पण मी केलेला. तिकडून आलेल्या फाईलमधला दात काढा, या साच्यात बसवून बघा, चपखल बसेल.

तिने दोन बोटांनी साचा बाजूला सरकवला. "हे काय टेबलावर?"

"माझ्या नवऱ्याचं तोंड."

"असं नाही चालत. तज्ज्ञाचा दाखला लागेल, की दात या साच्याचाच आहे."

"मीच आहे तज्ज्ञ. हे माझंच काम."

"तुम्ही पत्नी आहात की तज्ज्ञ, एक काहीतरी ठरवा. आणि पत्नी असाल तर तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

"शब्द दिला होता त्याला."

तिने लिहिलं नाही ते. मागच्याला हाक मारली. अपील करा म्हणाली, पुन्हा घर बघायला येतील, पुन्हा मुलाखत होईल.

पुन्हा तो शर्ट हुंगणार. पुन्हा मी दारात उभी. साचा उचलला, पुसला, टॉवेलात गुंडाळला. टेबलावर प्लॅस्टरची भुकटी सांडली होती, तशीच राहू दिली.

२५ एप्रिल, मंगळवार

साच्यावरून नवा दात केला. ठिपक्यासकट. पहिल्यापेक्षा चांगला झाला.

लंबू व्हिडिओवर आला. तोंडात खिंडार, आणि हा खुशाल हसतोय! म्हणतो, सगळ्या कचेरीने बघितला, आता कोणापासून लपवू? पहिल्यांदाच त्याला असा तोंडभर हसताना बघितलं. किती वेळ बघत बसले. या सगळ्या घाणीतून एवढं एक निघालं.

मग विचारलं, इतके दिवस विचारायचं टाळत होते ते. "इथे यायचं तुझ्या मनात होतं का खरंच?"

"तुम्ही तिथे होतात."

"मी तिकडे येणार नाही म्हणाले, तेव्हा लगेच बरं कसा म्हणालास?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

रागाने नाही म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं. त्या लोकांनी त्याच्याबद्दल काय काय विचारलं मला, आणि मी त्याला एवढं एक विचारलं नव्हतं.

ताई म्हणते, दात पार्सलने पाठवून दे. तिला काय माहीत! नवा दात टोचतो. तोंडात बसवून, कुठे लागतंय ते विचारत, घासावा लागतो. एकदा, दोनदा. कधी तिसऱ्यांदा.

९ मे, मंगळवार

लंबूला अजून सांगितलेलं नाही. सकाळी त्याच्या देशाच्या व्हिसा कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाचे दात चांगले होते. त्याने विचारलं, "किती दिवसांसाठी जाणार?"

मी म्हटलं, "राहायला."