नख अडकणार नाही अशी भिंत

५ मे १९९१, धरणगाव
साक्रीहून सकाळच्या एसटीने आलो. सिमेंटवाल्याने दिलेली ही डायरी आजपासून लिहायची, सातवीपर्यंत शिकलो ते वाया कशाला घालवायचं? काम एका आतल्या खोलीचं. खिडकी नाही, वर टीचभर झरोका. मालकीण द्रौपदाबाई एकट्याच राहतात. आल्या आल्या झणझणीत शेवभाजी वाढली. म्हणाल्या, भित अशी पायजे का नख बी अडकाले नको. आधीचा लोटन मिस्त्री गिलावा करून गेल्या साली आखाजीला म्हणून गेला तो गेलाच, चुन्याच्या नीरूचा शेवटचा हात राहिला. त्याचा घोटायचा गुरमाळा खोलीतच पडलाय. हत्यार टाकून जाणारा कसला मिस्त्री?

सोळाला अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. माझी लेक भागा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येणार. तिचा झोका मीच बांधणार, म्हणून पंधराला घर गाठायचं.

७ मे
समोरच्या भिंतीला खांद्याच्या उंचीवर उंचवटा निघाला. लोटनरावांची कारागिरी. घासून नीरू मारला. माझी सहा फुटी पट्टी खोलीत आडवी धरली तर दोन्हीकडे हातभर जागा राहते, त्यामुळे काम ऐसपैस चाललंय. बाहेरची झळ लागली की नीरू तडकतो, म्हणून दार बाहेरून लावून घ्या असं मीच बाईंना सांगितलं. पाणी मारायला सोपं म्हणून झोपतोही आतच.

९ मे
उंचवटा पुन्हा वर आला. आतून आवाज येतो, खर्र खर्र, थांबून थांबून. बाई म्हणाल्या, उंदीर असेल. वरून आणखी दोन हात दिले. आवाज बारीक होत बंद झाला. बरं वाटलं.

११ मे
पट्टी वळवताना दोन्ही टोकं भिंतींना घासली. नीरूने सुतभर जाडी वाढते, हातभर नाही. घाबरलो, खरं तेच लिहितो. दार ठोठावलं. बाई बाहेरूनच म्हणाल्या, काम पुरं झालं की उघडेन. भाकरी दाराखालून सरकवली.

१३ मे
पट्टी भिंतींत रुतली. निघत नाही. दाराची चौकट अर्धी लिंपलेली — मी नाही लिंपली. खरवडतो तोवर पुन्हा ओली.

१४ मे
दार कुठे होतं ते हाताला कळत नाही. कुठेच नख अडकत नाही. माझा गुरमाळा हातातून पडला, वाकून घ्यायला जागा नाही.
तो उंदीर नव्हता. लोटन आतून खरवडत होता. आणि मी त्याच्यावर — दोन हात —

आखाजी असावी
झोक्यावरची गाणी ऐकू येतात. छातीला भिंत, पाठीला भिंत. न बघता लिहितोय. भागा वाट बघत असेल. झोका कोणी बांधला —

तारीख माहीत नाही
भागाचा आवाज. खोलीत आली आहे. चालते आहे, चार पावलं, पाच — तिच्यासाठी खोली पहिल्याएवढीच. बाई सांगतायत, मिस्त्री आखाजीला म्हणून गेला. भागा म्हणते, मना आबा हत्यार टाकीसन जास नही. गुरमाळा सापडला तिला. पोरगी माझी.
खरवडतोय. नखं राहिली नाहीत —
बाई म्हणाल्या, उंदीर असेल.
भिंतीवर तिचा हात फिरतोय. जवळ. भागा, थोडं वर, खांद्याच्या उंचीला, तिथे उंच