बागेतला निजामी बंगला

३ जानेवारी २०२५
अंबडजवळच्या आमच्या मोसंबीच्या बागेतलं घर निजामाच्या काळातलं आहे, हे आज मला पटलं. भिंती दोन हात जाड. आणखी काय पुरावा पाहिजे? जालन्यात राहणाऱ्या धाकट्या भावाला, कल्याणला, मात्र ते पाडून पॅकिंगचं शेड करायचंय. अडाणी. शेवटी ठरलं: आर्किटेक्चर शिकवणाऱ्या सुमेधा मॅडम दोन फेब्रुवारीला येतील. त्या ‘जुनं’ म्हणाल्या तर घर राहील, नाहीतर जेसीबी.
संकल्प: रोज चार पानं घराचा इतिहास लिहायचा.

५ जानेवारी
अर्धं पान झालं. पेन बरोबर चालत नव्हतं.

९ जानेवारी, सकाळ
मोठा शोध. मागचा दगडी हौद आतून निळसर आहे. शाही हमाम! पाणी भरून आंघोळ केली. बागेतले जुने गडी रखमाजी बघत उभे. म्हणाले, यात तुमचे वडील झाडांवर फवारायला मोरचूद आणि चुना कालवायचे. काहींना इतिहासाची दृष्टीच नसते.

९ जानेवारी, संध्याकाळ
अंगभर खाज. सुरेखाने खोबरेल दिलं आणि बायकोने हसू नये इतकी हसली.

१४ जानेवारी
यूट्यूबवर महाल पाहिले. आमच्या घरात काय खुपतं ते लगेच कळलं: माळवद. सागवानी तुळयांवर मातीचं छप्पर, वर उंदीर. निजामाच्या डोक्यावर माती? काढणार. सुरेखा म्हणाली, आधी मॅडमना विचारा. सरप्राइज कुणी विचारून देतं का?

२१ जानेवारी
माळवद उतरवलं. तुळया परतूरचा लाकूडवाला घेऊन गेला. घर एकदम मोकळं वाटतंय.

३० जानेवारी
वर पत्रे, खाली पीओपी, त्यावर सोनेरी वेल. दारात सिमेंटच्या दोन कमानी. एक जरा वाकडी झाली, पण त्याने जुनेपणा येतो. इतिहास अजून अर्धंच पान.

२ फेब्रुवारी
मॅडम आल्या, कल्याणही आला. भिंती मधल्या काळात कधीतरी नव्याने बांधल्यात म्हणाल्या. मग वर बघून विचारलं, इथे आधी काय होतं? मी अभिमानाने मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून तुळयांवरचं कोरीवकाम बराच वेळ पाहिलं.
"हे शंभर वर्षांच्या पुढचं होतं," त्या म्हणाल्या. "जुनं तेवढंच होतं."
कल्याण हसेल असं वाटलं. तो हसला नाही.
"दादा, शेड पायजे म्हणत होतो, पर त्या माळवदापायीच मला बी पाडू वाटत न्हवतं," तो म्हणाला. "आता काय राह्यलं?"
फार वाईट वाटलं.

३ फेब्रुवारी
जेसीबी आला. ड्रायव्हरने विचारलं, कुठून सुरू करू? मी कमानी दाखवल्या.