उजवीकडची रिकामी सीट

प्रिय दादा,

पत्र हातात आलं की आधी शेवट वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. वरून खाली ये, हळूहळू, हेलिकॉप्टर डेकवर उतरवायचास तसा.

सध्या मी उडत नाहीये. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे आणि लायसन्सही शाबूत आहे. कारण सांगतेच पुढे. काही आठवडे झाले, मी ऑपरेशन्सच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलापाशी बसते. कोण निघालं, किती माणसं घेऊन, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर वारा कसा आहे, परत यायला उशीर का होतोय, हे बघायचं. खुर्ची चांगली आहे, खोली गार असते, आणि रोज संध्याकाळी मी वेळेवर घरी पोचते, याचं तुझ्या मेहुण्याला अजून नवल वाटतं. फक्त इंधनाच्या वासाने हल्ली मळमळतं, म्हणून खिडकी बंद ठेवते. हँगरातले मेकॅनिक काका रोज काचेवर टकटक करून तुझी चौकशी करतात. तू खुशाल आहेस म्हणून सांगते. खरं तर तू खुशाल आहेस की नाही हे मला आईकडून कळतं, आणि आईला वहिनीकडून. सख्ख्या भावाची बातमी दोन हातांतून फिरून येते, तोवर ती चहासारखी गार झालेली असते.

दोन हँगरांमधला तो रस्ता आता बुजवलाय. तिथे गाड्या लावतात. अलीकडे आम्ही निळे आणि पलीकडे तुम्ही पिवळे होतो, तेव्हा लोकांना वाटायचं की बहीणभावाचं पटत नसणार, म्हणून दोघं दोन कंपन्यांत. त्यांना काय माहीत, की आईनेच तसं बजावलं होतं. एका घरातल्या दोघांनी एकाच मालकाकडे राबू नये, एकाचं बिनसलं तर दुसऱ्याची चूल पेटती राहते, असं तिचं म्हणणं. आपण हसायचो. त्या रस्त्याचा आपल्याला केवढा आधार होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमचा भत्ता वाढला की आमच्या मोठ्या कॅप्टनांच्या कपाळाला आठी पडायची, आणि थोड्याच दिवसांत आमचाही वाढायचा. आमच्यातला कुणी नुसता चहा प्यायला पलीकडे गेला तरी ऑफिसात कुजबुज सुरू व्हायची. भांडावं लागायचं नाही. रस्ता ओलांडता येतो, एवढं पुरत होतं.

मग तेलवाल्यांनी आपल्या फेऱ्यांचे दर पाडले. दोन्ही कंपन्या एकमेकींपेक्षा स्वस्त होता होता अगदी हाडांवर आल्या, आणि एका सकाळी निळीने पिवळीला विकत घेतलं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘विलीनीकरण’ असं लिहिलं होतं. वहिनी म्हणाली होती, हे लग्नच की, फक्त यात नवरीने नावही बदलायचं, दागिनेही द्यायचे आणि जेवायला शेवटच्या पंगतीत बसायचं. दोन्हीकडच्या करारांतलं जे जे पायलटच्या सोयीचं होतं ते गाळलं, उरलेलं एकत्र शिवलं. आणि ज्येष्ठता धरली ती निळीत रुजू झाल्या दिवसापासून. म्हणजे तुम्हा सगळ्यांचा जन्म त्याच सकाळी झाला. ज्याने मला या धंद्यात आणलं, ज्याच्या जुन्या पुस्तकांवर मी परीक्षा दिल्या, तो माझा दादा यादीत माझ्या खाली, आमच्याकडच्या कालच्या पोरांच्याही खाली. कॅप्टन जास्त झाले म्हणून खालच्यांना कॅप्टनच्या उजव्या सीटवरून उठवून डावीकडची, सहपायलटची सीट, पगार त्या सीटचा. नको असेल तर घरचा रस्ता धरा. उजवीकडून डावीकडे सरकायला दोन हातसुद्धा लागत नाहीत, पण तुझ्या घराचा हप्ता आणि लेकीचं कॉलेज त्या दोन हातांत बसत नव्हतं, हे वहिनी न बोलताही मला दिसत होतं.

तू सही केलीस. सगळ्यांना वाटलं होतं की तू आदळआपट करशील. आपल्या दोघांची पहिली फेरी लागली तेव्हा मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. तू मात्र नेहमीसारखा आलास, केशरी सूट चढवलास, डावीकडे बसलास आणि उड्डाणाआधीच्या तपासणीची यादी वाचायला लागलास. मागे बसलेल्या कामगारांसमोर तू मला ‘कॅप्टन’ म्हणालास, तेव्हा मला हेल्मेटच्या आत रडू आलं, आणि तू मुद्दाम काचेबाहेर बघत राहिलास. नंतरच्या फेऱ्या सोप्या गेल्या. मला तर मजाच वाटायला लागली होती. लहानपणी सायकलच्या मागच्या सीटवर मी असायचे, आता तू. असं मी आईला सांगितलंसुद्धा.

आणि मग धुक्याचा दिवस. प्लॅटफॉर्मवरून बारा माणसं घेऊन आपण परत येत होतो आणि तळावर धुकं उतरत होतं. मी एकदा खाली येऊन बघू म्हणाले. आत्ताच आतल्या विमानतळाकडे वळलेलं बरं, असं तू म्हणालास. एकदाच, शांतपणे. मी म्हटलं, बघू तर. तू पुढे उंचीचे आकडे सांगत राहिलास, एकही शब्द वावगा नाही. दिवे दिसले नाहीत. मी वर घेतलं, वळले, आणि आतल्या विमानतळावर उतरलो तेव्हा टाकीत जेमतेम नियमापुरतं इंधन होतं. कुणाला काही झालं नाही. कामगारांनी उतरताना नेहमीसारखे आभार मानले, एक जण तर झोपलाच होता. मोठ्या कॅप्टनांसमोर तू म्हणालास की कॅप्टनचा निर्णय नियमात होता, आणि ते खरंच होतं.

घरी येताना तुझ्या गाडीत तू जे बोललास ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सिग्नलला थांबलो होतो. तू म्हणालास, “शेपटे, मी एकदाच बोललो. दुसरा कुणी कॅप्टन असता तर दुसऱ्यांदा बोललो असतो, तिसऱ्यांदा ओरडलो असतो.” मी विचारलं, मी लहान बहीण म्हणून का? सिग्नल सुटला, तू गाडी पुढे काढलीस. मग म्हणालास, “तू बहीण म्हणून, की मी डावीकडे होतो म्हणून, ते मलाच कळत नाहीये. पण मागे बारा माणसं बसलेली असताना हे न कळणं बरं नाही. आणि डावीकडे बसायची मला सवय होत चाललीय, याचीच जास्त भीती वाटते.”

पुढच्या आठवड्यात तू राजीनामा दिलास आणि डोंगरातल्या त्या रुग्णवाहिकेच्या हेलिकॉप्टरवर गेलास. पगार कमी, घर लांब, पण उजवी सीट. लोक म्हणाले, बहिणीच्या हाताखाली बसायला कमीपणा वाटला. आईसुद्धा तसंच समजते. मी त्यांचं तोंड धरायला गेले नाही, कारण मलाही राग होता. तुला डावीकडे बसवलं ते यादीने, आणि मला सोडून गेलास तू, असं काहीसं डोक्यात बसलं होतं. तूही फोन केला नाहीस. मग आपल्या दोघांत मौनाचीच ज्येष्ठता वाढत गेली.

तू गेल्यावर एकेक करून बरेच पिवळे गेले. एक जण वणवे विझवायला परदेशी गेला, दुसरा नकली कॉकपिटमध्ये बसून पोरांना शिकवतो, आणि तुझा तो लंबू चक्क फ्लॅट विकतो, म्हणतो इथे निदान ग्राहक हसतात तरी. राहिलेल्यांना दुसरीकडे जायला दार नाही, म्हणून पगार जिथल्या तिथे. आता तेलवाल्यांचं काम पुन्हा वाढलंय आणि कंपनीला कॅप्टन मिळेनात. बाहेरून आणायचे तर महाग पडतात. जे हातचे घालवले ते आता हवेहवेसे झालेत. या टेबलावर बसून हे सगळं फार स्वच्छ दिसतं. आणि एक गोष्ट मला इथेच कळली. परवा धुकं होतं, आत एक हेलिकॉप्टर यायचं होतं, आणि निर्णय माझा नव्हता. मी हवामान सांगितलं, एकदा, शांतपणे, आणि चहाचा घोट घेतला. घोट घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की निर्णय आपल्यावर नाही याचं मला बरं वाटतंय. तेव्हा तुझी भीती मला कळली. मी लगेच पुन्हा मायक्रोफोन ओढला आणि दुसऱ्यांदा सांगितलं. ते वळले. दादा, तू कमीपणामुळे गेला नाहीस, हे मी काल आईला नीट बसवून सांगितलं. तिने तुझा फोटो पुसून पुन्हा जागेवर ठेवला.

आता पत्राचं कारण. मोठे कॅप्टन गेल्या आठवड्यात माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. तुझी जुनी ज्येष्ठता धरायला, उजवी सीट आणि तिचा पगार द्यायला कंपनी तयार आहे, तूच त्याला लिही, म्हणाले. मी म्हटलं लिहीन, पण कंपनीच्या वतीने नाही. फक्त तुझ्या एकट्याची ज्येष्ठता धरणार आहेत, बाकीच्या पिवळ्यांची नाही, हेही तुला कळलेलं बरं. ये असं मी म्हणत नाही, येऊ नको असंही नाही. डोंगरात तू सुखी असलास तर तिथेच राहा. रिकामी झालेली सीट माझीच आहे, आणि ती निदान वर्षभर रिकामी राहणार आहे, कारण मला पाचवा महिना लागलाय. जमिनीवर बसवलं म्हणून उडायचा भत्ता बंद झाला, तो चालू ठेवायचं कलमही विलीनीकरणातच गळलं होतं, पण आमचं भागतंय. मीच सांगेन म्हणून मी आईला गप्प बसवलं होतं. तिच्या पोटात कधी काही राहत नाही, पण हे राहिलं बघ. तेव्हा सीटचं काय ते ऑफिसला कळव, सावकाश कळव. मामा कधी येतोय, ते मात्र मला कळव.

तुझीच,
शेपूट