मधलं बटण

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून फोनवर आधी तोच बोलतो? इकडची खुशाली दोन ओळींत मावणारी नाही, म्हणून पत्र. फोनवर बोलले असते, पण या घराच्या भिंती पातळ आहेत आणि आईचे कान उत्तम आहेत.

छापखाना बंद झाल्यावर मी ज्या क्लासला जाते तिथे नेमकं काय शिकवतात, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला, कारण माझं मलाच कळलं नव्हतं. आता कळलं आहे. एखादी वस्तू करण्याआधी तिची खोटी प्रत करायची, तिला प्रोटोटाइप म्हणतात. ती लोकांच्या हातात द्यायची आणि ते कुठे अडखळतात हे गप्प बसून पाहायचं, त्याला यूझर टेस्टिंग म्हणतात. (गप्प बसण्याला वीस गुण आहेत. मला सात मिळाले.) वर्गात मी सर्वांत मोठी. सगळे मला काकू म्हणतात, आमच्या बाईसुद्धा, आणि त्या माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. शेवटचा प्रकल्प चांगला झाला तर त्या मला त्यांच्या कंपनीत चाचण्या घेण्याचं काम देणार आहेत. बावन्नाव्या वर्षी दुसरं कोणी काही देणार नाही, हे तुला ठाऊक आहे.

माझा प्रकल्प म्हणजे दवाखान्याची वेळ ठरवण्याचं अ‍ॅप. म्हणजे सध्या जाड कागदाचे चौदा तुकडे. पहिल्यावर तीन बटणं: वेळ घ्या, वेळ बदला, वेळ रद्द करा. माणसाने बटणावर बोट ठेवलं की मी तो कागद उचलते आणि पुढचा ठेवते. थोडक्यात, फोन मी आहे. फोनने बोलायचं नसतं, मान हलवायची नसते, सुस्कारा टाकायचा नसतो. पहिली चाचणी समोरच्या बिऱ्हाडातल्या निवृत्त मुख्याध्यापकांची घेतली. मंगळवारची वेळ गुरुवारवर न्या, एवढंच काम. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं, चौदाही कागद तपासले, प्रत्येकाखाली सही केली आणि दहापैकी साडेतीन गुण दिले. मी म्हटलं, सर, परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे. ते म्हणाले, “मग तेच सांगतोय. काठावर पास.”

दुसरी आई. पहिल्या दिवशी ती कागदाकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, छान केलंयस. अडीच मिनिटं गेली, मंगळवार मंगळवारीच राहिला. (बाई म्हणतात, ‘छान’ हा शब्द वहीत उतरवायचा नाही, तो पुरावा नव्हे.) मी अक्षरं तळहाताएवढी केली आणि आठवड्याने तिला पुन्हा बसवलं. या वेळी अकरा सेकंद. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं असतं, तशी ती बोलत होती: आता मधलं, आता वरून दुसरं, आता खालचं. मी वहीत लिहिलं, मोठ्या अक्षरांनी फरक पडला. वर्गात टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या आणि मग म्हणाल्या, काकू, एकदा बटणांच्या जागा बदलून बघा.

बदलल्या. ‘रद्द करा’ मध्ये आणलं. आईने त्याच तोऱ्यात मधल्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टरांनाच रद्द करून टाकलं. मग बोट वरून दुसऱ्या जागी नेलं, तिथे कोरा कागद होता. नियमाप्रमाणे मी गप्प होते. तिचं बोट त्या कोऱ्या कागदावरच फिरत राहिलं. शेवटी मी नियम मोडला आणि पहिला कागद पुढे करून विचारलं, आई, यावर काय लिहिलंय?

“तूच लिहिलंयस. मला काय विचारतेस?”

उलगडा मुख्याध्यापकांकडून झाला. मी क्लासला गेले की रोज चार वाजता ते येऊन तिची उजळणी घेत होते. चाचणी म्हटल्यावर त्यांना एकच अर्थ ठाऊक: मुलीचा निकाल आईच्या हातात आहे, तर तयारी करून घेतली पाहिजे. आई त्यांना म्हणाली होती, सर, वाचायला लावू नका, जागा सांगा, जागा लक्षात राहतात. त्यांना ती हुशार विद्यार्थिनी वाटली. ते अजून माझ्यावरच नाराज आहेत. म्हणतात, “पेपर फिरवलात तुम्ही.”

ताई, उजव्या डोळ्याने तिला गेलं वर्षभर काही दिसत नाही. डाव्यासमोर धुकं आहे. गेल्या वेळी तू आलीस तेव्हा ती तुला ‘किती वाळलीस’ म्हणाली आणि तू दिवसभर खूश होतीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. (रागावू नकोस.) सव्वीस वर्षं मी मुद्रितं तपासली. उलटा पडलेला स्वल्पविराम मला हातभर अंतरावरून दिसायचा. आई कपाचा कान बोटांनी चाचपत शोधते, हे दिसलं नाही.

बोलली का नाहीस, असं मी विचारलं तेव्हा ती टॉवेलच्या घड्या घालत होती. घड्या नेटक्या होत्या. म्हणाली, “बोलले असते तर तू क्लास सोडला असतास. बाबांच्या आजारात बढती सोडलीस, ताईच्या बाळंतपणात परीक्षा सोडलीस. सोडण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.” यावर मी जितका वेळ गप्प बसले त्याला वीसपैकी वीस मिळायला हवे होते.

प्रकल्पात आता बटणं बोलतात. बोट ठेवलं की फोन नाव वाचून दाखवतो, आणि फोन मीच असल्यामुळे मला बोलायची परवानगी मिळाली आहे. बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उजव्याची शस्त्रक्रिया सोळा तारखेला सकाळी नऊला. माझ्या प्रकल्पाचं सादरीकरण त्याच दिवशी दहाला. दोन्ही हलवून पाहिलं. (खऱ्या दवाखान्यात ‘वेळ बदला’ हे बटण नाही.) पुढे तीन आठवडे दिवसातून चार वेळा त्या डोळ्यात थेंब घालायचे आहेत. तू ये. तुला जमलं नाही तर मी सादरीकरण सोडेन, आणि आईला ते लगेच कळेल.

आणखी एक. आईने शस्त्रक्रियेला होकार दिला तो एकाच अटीवर: ताईला कळवायचं नाही, तिला तिचं घर आहे, तिचा गुडघा आहे. मी शब्द दिला. तेव्हा हे पत्र तुला मिळालेलं नाही. सहज आल्यासारखी ये, तीन आठवड्यांचे कपडे घेऊन.

शेवटचं. तू नेहमी दारात नुसती हसत उभी राहतेस. या वेळी आधी हाक मार. आपण तुला ओळखलं, असं तिला वाटू दे.