मृणालीचा फॉर्म

भिवंडी,
३ नोव्हेंबर २०२५

ती. ललिताताईस,
सविनय जयभीम वि. वि.

मृणाली तुझ्याकडे पोहोचल्याचं टेम्पोवाल्या लडकूने परत आल्यावर सांगितलं. माझा फोन पोलिसांकडे जमा आहे. दुसऱ्याच्या फोनवरून हे बोलता येत नाही. म्हणून पत्र, त्याच्याच टेम्पोने.

शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून बोलतो म्हणणाऱ्या माणसाने तिच्याकडून फॉर्मसाठी फोटो मागवले. त्यांचं त्याने काय केलं, वर्गाच्या ग्रुपवर काय टाकलं, ते मी पाहिलंय. लिहीत नाही. त्याला नंबर कुठून मिळाला, असं पोलिसांनी पोरीला तीनदा विचारलं. माहीत नाही म्हणाली. मी विचारलं तरी तेच. खोटं बोलते, हे मला कळतं.

वर्गशिक्षिका माधवीबाई घरी आल्या होत्या. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म चौदा तारखेपर्यंत भरायचा आहे, पालकाची सही लागते. नंबर कुणाला दिला ते सांगेपर्यंत मी सही करणार नाही. तुझ्याजवळ बोलली तर कळव.

मानकोलीच्या गोदामात ड्युटी चालू आहे. खोक्यांवर स्टिकर लावतो. चूक होत नाही. मेघाली रोज लेकीचा शाळेचा ड्रेस इस्त्री करते.

दाजींना जयभीम. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
मिलिंद

पडघा,
७ नोव्हेंबर

चि. मिलिंद यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर अजून तसंच, कोंबडी चालून गेल्यासारखं. मृणाली जेवते. ऊठ म्हटलं की उठते, बस म्हटलं की बसते. त्याचीच मला भीती वाटते. तुझे दाजी तिला गणितं घालतात आणि स्वतःच चुकतात. ती दुरुस्त करते. हसत नाही.

तू नववीत गणितात सतरा मार्क आणलेस, तेव्हा बाबांनी प्रगतिपुस्तकावर आधी सही केली, मग ओरडले. आठवतं का बघ.

काल लसूण सोलताना ती आपणहून बोलली. त्या माणसाचा पहिलाच मेसेज होता, नाक्यावरच्या बॅनरवर तुझा फोटो छान आलाय. जूनमध्ये, ती नववीत पहिली आली म्हणून लावलेला तो बॅनर. तिचा फोटो, पूर्ण नाव, शाळा. खाली शुभेच्छुक तू, आणि तुझा नंबर. त्याच फोनवर तिचा अभ्यास यायचा. तो मेसेज तिने पुसला. पोलिसांपुढे बोलली नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर तू होतास. पप्पा त्या बॅनरखाली पेढे वाटत होते, म्हणाली. एवढंच.

नंबर कुणी दिला ते तुला हवं होतं.

जेवत जा. उत्तर लवकर धाड. आशीर्वाद आहेतच.

ललिताताई

भिवंडी,
१३ नोव्हेंबर

चि. मृणालीस,
आशीर्वाद.

आत्याचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने इस्त्री चालू ठेवली.

मंगळवारी सुट्टी टाकून पोलीस ठाण्यात गेलो. जबाब पुन्हा दिला. बॅनरवर नंबर मी छापायला सांगितला. मंडळाचा भावेश म्हणाला होता, भाऊ, नंबर कशाला. मीच म्हटलं, राहू दे, लोकांचे फोन येतील. हे सगळं लिहू का, असं हवालदाराने विचारलं. लिहा म्हटलं. माझ्यासाठी तू गप्प राहिलीस, तेही लिहायला लावलं.

फॉर्मवर काल सही केली. शनिवारी माधवीबाईंनी वर्गातल्या सगळ्या पालकांना बोलावलंय. मुलांच्या फोनवर काय येतं, हे घरात विचारायचं कसं, त्यावर. मलाही बोलायला सांगितलंय. काय बोलायचं ते सुचलेलं नाही.

सोमवारी तुला न्यायला येऊ का? नको असेल तर तसं लिही. रागावणार नाही, असं लिहिणार होतो. पण रागवायला आता माझ्याकडे काही नाही.

तुझे,
पप्पा

पडघा,
१५ नोव्हेंबर

ती. पप्पांस,
जयभीम.

फॉर्म भरला ते बरं झालं. माझं हिंदी पूर्ण आहे, संयुक्त नाही. तसं लिहिलंय का, बाईंना विचारा.

आत्या म्हणते, लिही की पुन्हा असं काही आलं तर आधी पप्पांना सांगेन. ते मी अजून लिहीत नाही.

सोमवारी या. शाळेच्या गेटपर्यंत चला. वर्गात मी एकटी जाईन.

आईला जयभीम.

मृणाली