अर्धं फिरवलेलं झाकण

मलकापूर,
२२ एप्रिल २०२४

चि. पायल हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणून तू लिहितेस, पण या फोनमध्ये आता दम राहिला नाही. नुसती खरखर, तुझा एक शब्द धड कळत नाही. दुकानदाराला दाखवला तर म्हणे चांगला आहे. त्याला काय कळतं? आणि मेसेज लिहायला माझी बोटं पडली जाड. त्यापेक्षा पत्रच बरं.

आता तू नाशिकच्या वर्कशॉपमध्ये मोठमोठ्या ट्रकांची इंजिनं खोलतेस, म्हणून तुला विचारतो. बापाने लेकीला गाडीचं विचारायचं ही उलटी गंगा आहे खरी, पण विचारतो. आपली मालाची गाडी तापते आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चार तास पायी चालणाऱ्यांच्या मागे रांगली, तेव्हा पहिल्यांदा उकळली. मी म्हटलं, ऊन आहे, व्हायचंच. मग शुक्रवारी रेल्वेच्या मालधक्क्यावरून सिमेंट भरून चिखलीला निघालो, तर राजूर घाटात पुन्हा उकळली. मागच्या जीपवाल्याने पुढे येऊन हात दाखवला तेव्हा मी थांबलो. बघतो तर बॉनेटमधून वाफेचे लोट निघत होते.

गणेश मिस्त्री म्हणतो, रेडिएटरची जाळी खाऱ्या पाण्याने बुजली आहे, नवाच टाका. तांब्याचा घ्यावा की हल्ली मिळतो तो ॲल्युमिनियमचा, एवढं कळव. टेम्परेचरच्या काट्याचं तू मागे म्हणाली होतीस. तो मरून बारा वर्षं झाली, त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही. मी इंजिनाच्या आवाजावर गाडी चालवतो.

घाईचं कारण असं, की त्या दिवशी रागाच्या भरात तुझ्या आईसमोर बोलून बसलो, की आणखी एकदा उकळली तर गाडी भंगारात देईन. तिने ते पक्कं धरलं आहे. ती काही बोलून दाखवत नाही, पण मला तिचा चेहरा वाचता येतो. गाडी गेली तर मी दिवसभर काय करायचं, पायल? ओट्यावर बसून माश्या मारायच्या?

तुझ्यासाठी आईने ज्वारीचे पापड वाळत घातले आहेत. कळावे. लोभ आहेच, तिकडच्या धावपळीत तो आटू देऊ नकोस.

तुझा बाबा,
इंद्रभान


नाशिक,
२९ एप्रिल २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

सल्ल्याची फी म्हणून पापडांचा एक डबा जास्त पाठवा, मगच पुढचं वाचा.

तांब्या-पितळेचा रेडिएटर घ्या. आपल्या जुन्या गाडीला तोच बसतो, आणि गळला तर गणेशकाका डाग देऊ शकतात. पण नुसता रेडिएटर बदलून भागायचं नाही. आंघोळ करून मळकेच कपडे घातल्यासारखं होईल ते. आधी इंजिनातला जुना गाळ धुऊन काढा. वरचा आणि खालचा दोन्ही होज पाइप दाबून पाहा. खालचा मऊ पडला असेल तर चढावर आतल्या आत चपटा होतो आणि पाणी अडतं. फॅन बेल्ट सैल आहे का तेही बघा. काकांनी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असणार, मला त्यांची सवय माहीत आहे. तो नसला तर पाणी रेडिएटरकडे न जाता वाटेतूनच परत फिरतं, म्हणून नवा बसवायला सांगा. आणि बोअरचं पाणी बंद. कूलंट घाला, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा हेच रामायण.

सोबत कुरिअरने टेम्परेचरचा नवा काटा पाठवते आहे. रागावू नका, पण तो बसवाच.

एक विचारू? मी सातवीत असताना याच घाटात तुम्ही एकदम गाडी बाजूला घेतली होती. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पंख्याचा आवाज बदलला. खाली उतरून पाहिलं तर बेल्ट तुटायला आला होता. तेव्हापासून मला मिस्त्री व्हायचं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मग या वेळी जीपवाल्याने हात दाखवेपर्यंत तुम्हाला कसं कळलं नाही?

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. ती विश्वास ठेवणार नाही, तरी सांगा. कळावे. माया आहे ती अशीच राहो, रागावणं थोडं कमी झालं तर चालेल.

आपली,
पायल


मलकापूर,
९ मे २०२४

चि. पायल हिस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. माझा चष्मा फुटला आहे, म्हणून शेजारची प्रतीक्षा लिहिते आहे आणि मी सांगतो आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्यामुळे तुझं नुकसान काही नाही.

तू म्हणालीस तसा तांब्याचा रेडिएटर टाकला. होज पाइप, बेल्ट, थर्मोस्टॅट, सगळं नवं. गणेश म्हणाला, पोरगी पक्की निघाली. मी म्हटलं, कोणाची आहे?

काटा मिळाला. तो कपाटात ठेवला आहे. चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला काट्याकडे बघून गाडी चालवा म्हणणं मला पटत नाही. घाटातल्या प्रश्नाचं म्हणशील तर त्या दिवशी वारा फार होता. बाकी सर्व ठीक. लोभ असतोच, लिहून मागायची गरज नाही.

तुझा बाबा


(याच पाकिटात घडी घातलेला दुसरा कागद)

पायल,

हे चिठ्ठी मी परतिक्षाच्या हातानं पाकिटात सरकवून राह्यली. तुह्या बाबाले सांगू नको. चष्मा-बिष्मा काही फुटला नाही. त्याईचा उजवा हात पोळला, कोपरापर्यंत.

नवं रेडिएटर बसवून दोन चक्कर मारून आले अन् पानी किती हाये पाहाले झाकण उघडाले गेले. त्याईची सवय तुले माहीत हाये. फडक्यानं झाकण अर्धं फिरवाचं, फुस्स आवाज आयकाचा, आवाज थांबला का मंग पुरं काढाचं. फुस्स झालं. मले पार दारातून आयकू आलं. गनेशभाऊ वरडला. पन त्याईले काहीच आयकू आलं नाही. वाफ गेली समजून त्याईनं झाकण पुरं काढलं.

चार-पाच महिने झाले, मी मागून आवाज देतो तं वळून पाहात नाही. मले वाटे काऊन रुसले असतीन. रुसले नव्हते वं माय. मले गाडीचं भेव नाही, मागून हॉर्न देऊन राह्यला असंन कोनी, त्याचं भेव वाटते. तू काहीतरी कर.

आई


नाशिक,
१६ मे २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आईवर रागावू नका. तिने तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं, मी तिचं ऐकलं नाही. लहानपणापासून ऐकत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता.

बाबा, फोन चांगला आहे. तुम्हाला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी चार कागदांवर लिहिलं आणि चारही फाडले. वर्कशॉपमध्ये आम्हाला कानात बोळे घातल्याशिवाय इंजिनाजवळ उभं राहू देत नाहीत. तुम्ही चाळीस वर्षं उघड्या कानांनी त्याच्या शेजारी बसलात आणि मला शिकवलंत. यात लाजण्यासारखं काय आहे? मला तुमचा राग आला आहे तो एवढ्यासाठीच, की हात पोळला तरी तुम्ही चष्मा फुटला म्हणून सांगितलंत.

गाडी विका असं मी म्हणणार नाही. गाडी आता चांगली आहे, अजून दहा वर्षं चढेल. पण तुम्ही मागचा हॉर्न ऐकू शकत नसाल तर भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नका. तुमच्यासाठी नाही पटलं तर मागून मोटरसायकलवर लेकरं घेऊन येणाऱ्या माणसासाठी तरी. कान दाखवा. तोवर स्टीअरिंग धम्मदीपदादाकडे द्या. आत्याचा मुलगा आहे, हेवी लायसन आहे, आणि तो तुम्हाला घाबरतो.

हाताला हळद-बिळद लावू नका, डॉक्टरने दिलेलं मलमच लावा. कळावे. या पत्राने माया कमी होणार असेल तर होऊ द्या, मी परत मिळवीन.

आपलीच,
पायल


मलकापूर,
२ जून २०२४

चि. पायल हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. हात बरा होतो आहे, कातडी नवी आली.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईला समोर बसवलं आणि सांगितलं, की मले आयकू येत नाही. तिने उठून चहा ठेवला. वर्षभर मी हे ओझं लपवून वागवत होतो, आणि ते उतरवायला एक कप चहाएवढा वेळ लागला. आधी पंख्याचा आवाज गेला. मग झाडावरचे पक्षी गेले. मला वाटायचं, बोललो की लायसन जाईल, आणि लायसन गेलं की मी कोण? तुला एवढं मोठं शिकवलं, पण हे तुला सांगायची हिंमत झाली नाही. त्याबद्दल बाबाला माफ कर.

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मशीन बसेल म्हणतात. मशीन लावून पुन्हा चालवता येईल का, ते तपासून सांगणार आहेत. नाही म्हणाले तर मी भांडणार नाही.

तुझा काटा मी स्वतः डाव्या हाताने बसवला. परवा धम्मदीप सिमेंट घेऊन चिखलीला निघाला, आणि चाळीस वर्षांनी मी पहिल्यांदा क्लीनरच्या सीटवर बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घाट लागला तसा काटा चढायला लागला. मी धम्मदीपच्या खांद्याला हात लावला. त्याने गिअर उतरवला, वळणावर जागा पाहून गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. पाच मिनिटांत काटा खाली आला. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. गाडी भंगारात जात नाही, हे तुझ्या आईला मी तिथूनच धम्मदीपच्या फोनवरून कळवायला लावलं.

ती पाच मिनिटं मी खाली उतरून कठड्याशी उभा होतो. पायल, त्या वळणावरून खालचा सगळा मुलूख दिसतो. शेतं, तळी, लांबवर सातपुड्याची निळी रेघ. हजार वेळा या घाटातून गेलो असेन, पण माझे डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनात. इतकं सुंदर काही माझ्या रोजच्या वाटेवर आहे, हे मला परवा कळलं. धम्मदीपने निघायची खूण केली, तर मी त्याला म्हटलं, थांब बे, अजून थोडं पाहू दे.

कळावे. लोभ असावा असं म्हणत नाही, रजा काढून ये म्हणतो. तुला ते वळण दाखवायचं आहे.

तुझा बाबा,
इंद्रभान