'विनाकारण' हा शब्द वगळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
उद्यान व वृक्ष विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अपघात चौकशी अहवालातील परिच्छेद सातमधील एक शब्द वगळणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) सदर अहवाल. २) माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना आलेली तीन उत्तरे.

महोदय,

मी आपल्या विभागात एकोणीस वर्षे यांत्रिक करवत चालवतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, त्यातली अकरा वर्षे माझे जोडीदार होते. मी कापायचे आणि त्यांनी लांब उभे राहून झाडाच्या शेंड्याकडे व माझ्याकडे लक्ष ठेवायचे, धोका दिसला की शिट्टी वाजवायची, अशी आमची वाटणी होती. गेल्या वर्षी रस्त्याकडेचे झुकलेले झाड पाडताना ते वारले. अहवालात त्याबद्दल लिहिले आहे, 'मृत कामगार चालू कामाच्या वेळी विनाकारण धोक्याच्या क्षेत्रात शिरला.' यातील 'विनाकारण' हा शब्द काढावा, एवढीच माझी विनंती आहे.

२. घडले ते असे. झुकलेले झाड सरळ मागून कापायचे नसते. ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घ्यावी लागते. मग पात्याचे टोक खोडाच्या पोटातून आरपार घालून, खाचेमागे बिजागरीसारखी एक पट्टी राखून, मागच्या दिशेने कापत यावे लागते. पाठीकडची थोडी साल आणि लाकूड अगदी शेवटी तोडायचे. नाहीतर झुकलेल्या भाराने खोड अर्ध्यातच उभे चिरते आणि मागचा भाग फेकल्यासारखा उसळतो. शिवाय करवत सुरू करण्याआधी तिरके मागे पळायला दोन वाटा मोकळ्या लागतात. त्या दिवशी एका वाटेत पाडलेल्या भिंतीच्या विटा होत्या आणि दुसरीत आपल्या विभागाची गाडी उभी होती.

मी मुकादमांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले की अकराला रस्ता खुला करायचा आहे, साहेब येणार आहेत, गाडी हलवायला चालक जागेवर नाही. मग म्हणाले, "सरळ मागून घे. आजवर काय कमी झाडं पाडलीस?"

मी सरळ मागून घेतले. मी नाही म्हणालो नाही. हे मी तिन्ही अर्जांत लिहिले आहे आणि त्याबद्दल मला अद्याप कोणी काही विचारलेले नाही.

३. माझ्या कानांवर संरक्षक होते आणि तोंड खोडाकडे होते. खोड चिरू लागलेले मला दिसले नाही. पाठीमागून कोणीतरी माझा कमरपट्टा धरून मला जोरात बाजूला ओढले. मी विटांवर पडलो. उठून पाहिले तेव्हा मी जिथे उभा होतो तिथे माझे मेहुणे पडलेले होते. त्यांची नेमून दिलेली जागा तिथून चाळीस पावलांवर होती. अकरा वर्षांत चालू करवतीजवळ ते एकदाही आले नव्हते. मीच गेलो तरी, आधी मशीन बंद कर, म्हणून ओरडायचे.

४. माझ्या पहिल्या अर्जाला उत्तर आले की छापील नमुन्यात 'सकारण' आणि 'विनाकारण' असे दोनच पर्याय असून, धोक्याच्या क्षेत्रात जाण्याची पूर्वलेखी परवानगी असेल तरच 'सकारण' लिहिता येते. झाड चिरायला लागल्यापासून पडेपर्यंत किती वेळ जातो हे मी दुसऱ्या अर्जात कळवले. मनात दहा आकडे मोजून होत नाहीत. त्यावर उत्तर आले की अर्ज वारसाने करावा. बहिणीने केला. तिला कळवण्यात आले की ती घटनास्थळी नव्हती.

तिसऱ्या अर्जासोबत मी त्या रस्त्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्यांचा जबाब जोडला. त्यांनी शिट्टी तीनदा ऐकली होती, आणि ती मेहुण्यांचीच होती. उत्तर आले की त्यांनी ऐकले परंतु पाहिले नाही, आणि अर्जदाराने, म्हणजे मी, ऐकलेही नाही व पाहिलेही नाही. सबब प्रत्यक्षदर्शी उपलब्ध नाही. महोदय, हे खरे आहे. मला फक्त पट्ट्याला बसलेला हिसका कळला. हिसक्याची नोंद करण्यास नमुन्यात रकाना नाही, हेही मला आपल्या कार्यालयातील लिपिकांनी दाखवले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

५. दरम्यान आपल्या आदेशाने मला सुरक्षा प्रशिक्षक नेमण्यात आले. दर महिन्याला मी नवीन कामगारांना खाच किती खोल, साखळीचा ब्रेक कधी लावायचा, खांद्याच्या वर करवत का उचलायची नाही, पात्याचे वरचे टोक लाकडाला टेकले तर ती तोंडावर कशी उलटते, हे शिकवतो. मी शिकवतो ते सगळे बरोबर आहे. शेवटी उदाहरण म्हणून हा अहवाल मोठ्याने वाचावा, असा आदेश आहे. मागच्या वर्गात एका कामगाराने विचारले, "मग तो माणूस आत गेलाच कशाला?" वर्गात आपले निरीक्षक बसले होते. मी परिच्छेद सात पुन्हा वाचला.

६. अहवालाची एक प्रत बहिणीच्या घरी टपालाने आली. तिच्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी विनाकारण म्हणजे काय, असे विचारले. बहिणीने सांगितले, म्हणजे उगाच. त्या म्हणाल्या, "उगाच तर तो कधी दारापर्यंतसुद्धा गेला नाही." हे सांगताना बहीण माझ्याकडे बघत नव्हती. ती मला दोष देत नाही. मी जेवायला गेलो की ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

७. करवत चुकीची मी चालवली. हवे तर माझ्या नावापुढे 'निष्काळजी' लिहावे, मी सही करतो. मला कामावरून काढले तरी चालेल. लिपिकांनी सांगितले की प्रकरण बंद झाले असून बंद प्रकरणात नवीन दोषी घेता येत नाही.

८. या अर्जाचेही काही होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून विनंती थोडी लहान करतो. हा अर्ज फेटाळण्यापूर्वी सोबतच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का मारून ती मला परत द्यावी. वर काही लिहू नये, सही नसली तरी चालेल. बहिणीच्या सासूबाईंना अक्षर कळत नाही, पण शिक्का कळतो. या अर्जातला परिच्छेद तीन मी त्यांना स्वतः वाचून दाखवीन.

उत्तराची घाई नसलेला, आपला नम्र,

(सही)
करवत चालक व प्रशिक्षक, उद्यान व वृक्ष विभाग
दिनांक : ९ मार्च

सोबत : १) अहवालाची प्रत. २) मागील तीन उत्तरे. ३) सायकल दुरुस्तीवाल्यांचा जबाब. ४) या अर्जाची दुसरी प्रत, शिक्क्यासाठी खाली जागा सोडून.